चिमाबाईचा बुधवार

तांबडखिंडीच्या पायथ्याला निंबोरे नावाचे गाव आहे. श्रीसोमगीर महाराज फिरत फिरत या गावी आले ते ऐन वैशाखात. त्या वर्षी खिंडीच्या माथ्यावर तीन वाटसरू तहानेने मेले होते. कोण, कुठले, कोणालाच ठाऊक नव्हते. महाराजांनी पारावर बसलेल्या मंडळींना एवढेच विचारले, "वर पाणी ठेवत नाही का रे कोणी?" मंडळींनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी निघणारे महाराज निघाले नाहीत, ते अखेरपर्यंत निंबोऱ्यातच राहिले. पुढे त्यांचा मठ झाला, उत्सव होऊ लागला, पण ते राहिले होते पाण्यासाठी, हे आधी सांगितलेले बरे.

खिंडीची चढण दीड कोसाची. सगळा उघडा कातळ, सावली म्हणून माथ्यावर एक करंजाचे झाड. माथ्याच्या थोडे खाली डोंगरात खोदलेले जुने टाके आहे. त्याला बारमाही पाणी, पण ते वाटेपासून आडबाजूला आणि खोल. परक्या माणसाला ते शेजारून जातानाही दिसत नाही. महाराजांनी करंजाखाली तीन रांजण पुरून घेतले. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत रोज कोणीतरी टाक्याचे पाणी वाहून हे रांजण भरायचे. सात खेपा केल्या की तिन्ही रांजण भरत. काम एवढेच होते. पण भाविकहो, एवढ्याशा कामानेच भल्याभल्यांना दमवले.

मठाचा आणि पाणपोईचा कारभार रंगोजी मुळीक पाहत. रंगोजी माणूस वाईट नव्हते. त्यांचा आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि गावात आपल्यावाचून पान हलत नाही हा समजही तेवढाच मोठा. पण पाणपोईची काळजी त्यांना मनापासून होती. पाडव्याला चाळीस सेवेकरी छाती पुढे काढून उभे राहत आणि अक्षयतृतीया येईतो त्यांतले पाच उरत. कोणाचा बैल बसलेला असे, कोणाची कंबर धरलेली असे. रंगोजी भर उन्हात दारोदार फिरत, ओरडत, हात जोडत आणि घरी येऊन बायकोवर चिडत. "देवाचं काम आहे, आणि मला माणसं भिकेसारखी मागावी लागतात!" असे म्हणत ते पागोटे चढवून पुन्हा बाहेर पडत.

शेवटी त्यांनी एक तोड काढली. लोकांना मान हवा असतो ना, मग मानच देऊ! पाडव्याला सेवेकऱ्याच्या खांद्यावर भगवे उपरणे घालायचे, त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे आणि मठाच्या भिंतीवर गेरूने लिहायचे, असे त्यांनी ठरवले. झाले! जो तो नाव लिहायला पुढे आला. वार सातच आणि नावे ढीगभर. तेव्हा रंगोजींनी एकेका वाराला तीन-चार नावे लिहिली.

महाराजांनी भिंतीवरची नावे वाचली. मग म्हणाले, "रंगोजी, एका वाराला एकच माणूस ठेवा. काम चौघांचं म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही."

"तसं नाही, महाराज," रंगोजी म्हणाले. "एकटा माणूस आजारी पडला तर? चार असले म्हणजे तिघे तरी हाताशी राहतात."

महाराज "बरं" म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी उदासी आली ती पुढे कितीतरी दिवस गेली नाही.

त्या पाडव्याला मठात मोठा सोहळा झाला. एकेक जण पुढे येई आणि बोले, "माझा उभा उन्हाळा देवाला वाहिला!" कोणी म्हणे, "प्राण गेला तरी पाळी चुकणार नाही!" रंगोजी खूश होऊन उपरणी घालत होते. एवढ्यात बायकांच्या मागून चिमाबाई कोळीण उठली. ही एकटी विधवा बाई, घरोघर पाणी भरून पोट भरणारी. लहानपणापासून डावा पाय अधू, त्यामुळे चालताना अंग एका बाजूला झुके. ती पुढे आली आणि पदर सावरून म्हणाली, "म्हाराज, मला येक बुधवार द्या."

"एक बुधवार?" रंगोजी हसले. "इथं लोक उन्हाळेच्या उन्हाळे वाहतायत आणि तू वार मागून घेतेस? हा काय भाजीबाजार आहे?"

सगळा मठ हसला. चिमाबाई खाली बघत म्हणाली, "बाकीचं दिस घरोघरचं पानी असतंय, आन्ना. बुधवारी बाजाराला मानसं भाईर असत्यात, तवा मी मोकळी. जेवढं व्हईल तेवढंच बोलावं म्हन्ते."

"आणि तुझ्या त्या पायानं खिंड चढायची कशी? तू माथ्यावर पोचेस्तोवर मृग लागेल!"

पुन्हा हशा पिकला. महाराज मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चिमे, बुधवार तुझा." महाराजांचा शब्द म्हणून रंगोजींनी तिचे नाव लिहिले, पण बुधवारच्या रकान्यात सगळ्यांत खाली. वर तीन नावे होती: दौलत शिंपी, बापू गुरव आणि संतू माळी. तिघेही गावातले वजनदार. उपरणी त्या दिवशी कमी पडली, म्हणून चिमाबाईला उपरणे मिळाले नाही. तिने ते मागितलेही नाही.

उन्हाळा चढत गेला आणि दर वर्षीचे रडगाणे सुरू झाले. सोमवारचे रांजण अर्धे, शुक्रवारचे कोरडे. रंगोजींचे दारोदार फिरणे काही सुटले नाही. फक्त बुधवारचे रांजण काठोकाठ भरलेले असत. दौलत, बापू आणि संतू पहिल्या बुधवारी गेले होते. दुसऱ्या बुधवारी ते वर जाऊन पाहतात तो रांजण आधीच भरलेले, आणि तिसऱ्यापासून त्यांनी जाणेच सोडले. चिमा जातेच की! रंगोजींना यातले काही माहीत नव्हते. भजनाला जमलेल्या लोकांपुढे ते म्हणत, "बघा, या बुधवारवाल्यांकडून शिका जरा!" आणि ते तिघे मान तुकवून नमस्कार घेत. चिमाबाई मागे, चपला काढतात तिथे बसलेली असे. ती कधी एक शब्द बोलली नाही.

वैशाख वद्यात पाटलांच्या मुलीचे लग्न निघाले, तेही बुधवारचे. मांडवाची सगळी व्यवस्था अर्थातच रंगोजींकडे. सोमवारी ते मेढी रोवून घेत असताना चिमाबाईची शेजारीण सखू आली.

"आन्ना, चिमाला लई ताप भरलाय. उठवत न्हाई तिला. परवाच्या बुधवारी दुसऱ्या कुनाला तरी धाडा, असा सांगावा हाय. दोनदा घोकून घेतलंय माझ्याकडनं."

रंगोजींच्या डोक्यात मांडव होता. ते मागे न वळताच म्हणाले, "एक दिवस ती नाही गेली तर खिंड काही वाळून जायची नाही. तिघे आहेत ना! सांग तिला, निवांत पड."

सखू गेली. त्या तिघांना तेवढे सांगून ठेवावे, हे रंगोजींच्या मनातही आले नाही. तिघांची नावे भिंतीवर होती, मग वेगळे काय सांगायचे?

बुधवारी सकाळचा मुहूर्त पार पडला. सगळे गाव मांडवात होते. दुपारी पंगती बसल्या आणि रंगोजी कमरेला पंचा खोचून आग्रह करत फिरू लागले. एवढ्यात पलीकडच्या मुलखातून घोड्यावर आलेला एक पाहुणा जेवता जेवता म्हणाला, "रंगोजीराव, तुमच्या व्याह्यांची गाडी मला वाटेत भेटली हो. तुमची लेक आहे गाडीत."

"माझी अंबू?" रंगोजी थबकले. अंबूला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी तिला आणायला ते पुढच्या आठवड्यात स्वतः जाणार होते.

"त्यांच्याकडची विहीर आटली म्हणे, म्हणून लवकर निघाले. त्यांच्या घागरीतलं पाणी वाटेतच संपलेलं. मी म्हटलं, घाबरू नका, माथ्यावर रंगोजीरावांची पाणपोई आहे, तेवढं गाठा." पाहुण्याने घास घेतला. "पण मी वर आलो तेव्हा रांजण तर मला कोरडेच दिसले. म्हटलं, भरतील मागाहून कोणी."

रंगोजींच्या तोंडचे पाणी पळाले. हातातले भांडे तिथेच टाकून ते दौलत शिंप्याच्या पानासमोर गेले. "दौलत, आज वर कोण गेलंय?"

"मी म्हटलं बापू गेला असंल," दौलत म्हणाला.

बापू म्हणाला, "लगीन हाय म्हटल्यावर संतू जाईल असं वाटलं."

संतू पानावरून मान वर करून म्हणाला, "अहो, चिमा जातेच की दर बुधवारी! ती कवा चुकलीया?"

सोमवारी सखूला दिलेले उत्तर रंगोजींना आठवले. मग ते धावले. डोईवर पागोटे नाही, पायांत वहाणा नाहीत. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या कातळावर पन्नाशी उलटलेला तो जाडजूड माणूस धापा टाकत चढत होता आणि मनाशी बडबडत होता, "देवा, मला ने. माझ्या लेकीला नको. चूक माझी आहे, मला ने." आयुष्यात त्यांनी देवाला आजवर पुष्कळ ऐकवले होते, पण मागितले हे पहिल्यांदाच.

टाक्याच्या फाट्याशी ते क्षणभर थांबले. टाक्याकडून वर माथ्याकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर पाण्याच्या थेंबांची एक ओळ होती. घागर डचमळत नेली की सांडते तशी. एवढ्या उन्हात ती ओळ अजून ओली होती. ते त्या थेंबांच्या मागोमाग वर गेले.

माथ्यावर करंजाखाली गाडी सुटलेली होती. एक बैल मरून पडला होता, त्याच्या तोंडाचा फेस वाळला होता. शेजारी व्याही येसाजीराव डोक्याला हात लावून बसले होते. आणि अंबू! अंबू झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, चेहरा काळवंडलेला, पण डोळे उघडे, आणि अंगावरचा पदर ओलाचिंब. तिन्ही रांजण काठोकाठ भरलेले होते.

"बाबा!" ती क्षीण आवाजात म्हणाली. रंगोजी तिच्यापुढे मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"आम्ही आलो तेव्हा थेंब नव्हता," येसाजीराव म्हणाले. "हा बैल पडला. सूनबाईची शुद्ध गेली. मी तिला सोडून पाणी शोधायला तरी कसा जाणार? आज दोन जीव हातचे गेले असंच धरून चाललो होतो. तेवढ्यात ती बाई आली बघा घागर घेऊन."

"कोण बाई?"

"चिमाआत्या," अंबू म्हणाली. "तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, थेंबाथेंबानं पाणी पाजलं. मग खेपा केल्या, सात खेपा. मी म्हटलं, आत्या, बस आता, दमलीस. तर म्हणाली, आज बुधवार हाय न्हवं?" मग ती म्हणाली, "बाबा, तिचा पाय बरा झाला की हो! ताठ चालत होती. मी पहिल्यांदा ओळखलंच नाही."

रंगोजींचा जीव भांड्यात पडला. आणि माणसाचे मन कसे असते पाहा, जीव जागेवर येताच पहिला विचार आला तो हा, की म्हणजे तापाबिपाचे सोंगच होते तर! उगाच निरोप धाडून आपल्याला टांगणीला लावले. पण दुसऱ्याच क्षणी लेकीच्या ओल्या पदराकडे बघून त्यांची त्यांनाच लाज वाटली. आज तिच्या झोपडीत जायचे आणि चार शब्द गोड बोलायचे, असे त्यांनी ठरवले.

पाहुण्याने खालून पाठवलेली दुसरी गाडी वर आली. अंबूला हळूहळू उतरवून घरी पोचवेपर्यंत उन्हे कलली होती. रंगोजी तसेच कोळीवाड्याकडे वळले.

चिमाबाईच्या झोपडीबाहेर सखू तीन दगडांवर पाणी तापवत बसली होती. दारात सोमगीर महाराज होते. त्यांनी रंगोजींकडे पाहिले, पण नेहमीसारखे "या" म्हणाले नाहीत.

"चिमा आहे का आत?" रंगोजींनी विचारले. "तिला म्हटलं दोन शब्द..."

सखूने पदर तोंडाला लावला. "पहाटंच गेली वो ती! पाटलास्नी सांगितलं तर म्हन्ले, पंगती उठू द्या, मग बघू. तवापास्नं म्हाराज आन् मी, दोघंच हाय इथं."

"पहाटे?" रंगोजी ओरडले. "काय बोलतेस? दुपारी ती खिंडीत होती! माझ्या लेकीला तिनं पाणी पाजलं! माझ्या अंबूनं डोळ्यांनी पाहिलंय तिला!"

रंगोजींनी आत डोकावून पाहिले. गोधडीवर चिमाबाई पडली होती, आणि ती कधीची गेलेली आहे हे सांगायला वैद्य लागत नव्हता.

महाराज हलक्या आवाजात बोलू लागले. "मला अंधारातच बोलावणं आलं. तुमचा निरोप तिला पोचला होता, तिघे आहेत असा. ती म्हणाली, 'म्हाराज, ते न्हाई जायचे. सहा बुधवार झाले, मी येकलीच भरतीय.' मग म्हणाली, 'माझा बुधवार कोरडा जानार.' तेवढ्यासाठी जीव अडला होता तिचा, रंगोजी. काही केल्या निघेना. मी तिला सांगितलं, चिमे, ज्याच्यासाठी तू वर जात होतीस, तो तुझी पाळी चुकू देणार नाही. तेव्हा कुठं शांत झाली."

"आणि तुम्ही... तुम्ही वर गेलात?"

"मी इथून हललो नाही. तिला एकटी कशी टाकू?" महाराज म्हणाले. "वर कोण गेलं होतं ते तुमच्या लेकीनं पाहिलं, आपल्याला पाहायला मिळालं नाही."

रंगोजी उंबऱ्यावर खाली बसले. शेवटी महाराज म्हणाले, "चौघे लागतील. उन्हं जातील आता."

रंगोजी मांडवाकडे गेले. शेवटची पंगत बसली होती. ते मधोमध उभे राहून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चिमा कोळीण गेली! खांदा द्यायला कोणीतरी चला!"

ह्याने त्याच्याकडे पाहिले, त्याने पलीकडच्याकडे. कोणी पुटपुटले, लग्नघरातून कसे जायचे. कोणी म्हणाले, जाईल की कोणीतरी. साऱ्या मांडवात दीडशे माणूस, त्यांत भगव्या उपरण्याचे वीस-पंचवीस, आणि एकही उठला नाही. आपण भिंतीवर काय लिहून ठेवले होते, ते रंगोजींना आज दिसले. महाराजांनी ते सांगितले होते, पण तेव्हा ऐकले कोणी?

ते पुन्हा ओरडले नाहीत. दौलत शिंप्यापाशी गेले, खाली बसले आणि त्याचा खरकटा हात आपल्या हातात घेतला. "दौलत, तू. पुढची उजवी बाजू तुझी. तू नाही आलास तर ती बाजू रिकामी राहील." दौलतने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि पानाला नमस्कार करून उठला. मग ते बापूपाशी गेले, मग संतूपाशी. प्रत्येकाला नावाने हाक मारली, प्रत्येकाला त्याची एकच बाजू सांगितली. तिघेही उठले. चौथी बाजू रंगोजींची होती.

ते आले तेव्हा सखूने चिमाबाईला न्हाऊ घालून हिरवट जुने लुगडे नेसवले होते. तिरडी बांधून तयार होती. दौलत, बापू, संतू आपापल्या जागी वाकले. रंगोजी मात्र वाकेनात. ते पायथ्याशी गेले, गुडघे टेकले आणि ज्या पायाची भर मठात चेष्टा केली होती त्या पायावर त्यांनी कपाळ ठेवले. "माय, मला ओळखता आलं नाही," एवढेच ते बोलले.

डोके वर केले तेव्हा सखू किंचाळली. रंगोजींच्या कपाळाला ओली तांबडी माती लागली होती, खिंडीतल्या टाक्याच्या तोंडाशीच असते तशी. चिमाबाईच्या दोन्ही पावलांना, भेगाभेगांतून ती भरली होती.

"आत्ता धुतलं की वो म्या पाय!" सखू म्हणाली. "ह्या हातांनी, ऊन पान्यानं..."

महाराजांनी दोन्ही हात जोडले. एरवी ज्यांच्या पायांवर अख्खे गाव लोटांगण घाली, ते सोमगीर महाराज त्या चिखलाने माखलेल्या पावलांपुढे वाकले आणि डोळे पुसत म्हणाले, "उचला आता." रंगोजींनी कपाळ पुसले नाही. तसेच उठून त्यांनी आपली बाजू खांद्यावर घेतली. भाविकहो, देवाला आपल्या वाटचे पाणी ज्यांनी असे वाहायला लावले, त्या पावलांना तुमचा-माझाही नमस्कार पोचो.